कोऱ्या वायरीची परीक्षा

नंदा : मामा, खरं सांगा, अंधारात तुमचं अंग चमकतं का?

मामा : काय?

नंदा : वर्गातल्या अजीजानं पैज लावलीय. म्हणाली, तुझा मामा अणुभट्टीचं काम करतो, दिवा घालवला की काजव्यासारखा दिसत असेल. विचारायची हिंमत झाली नाही तर आठवडाभर तिचं दप्तर मी वाहायचं!

मामा : चमकत असतो तर तुझ्या मामीनं मला कंदील म्हणून दारात टांगलं असतं. अगं, मी भट्टीजवळ जातसुद्धा नाही. पुण्याला आमची तपासणीची लॅब आहे, तिथं मी वायरी उकडतो.

नंदा : बटाट्यासारख्या?

मामा : हसू नकोस. समज, भट्टीतला एखादा मोठा पाईप फुटला. बंद खोलीत वाफच वाफ. अशा वेळी भट्टी थंड ठेवायला पाणी सोडणारी मोटर चाललीच पाहिजे. पण मोटरीला वीज नेणाऱ्या वायरीचं रबरच त्या वाफेत फाटलं तर? म्हणून वायर भट्टीत बसवण्याआधी आम्ही ती लोखंडी टाकीत कोंडतो, वाफ सोडतो, आतून वीज खेळवतो आणि बघत बसतो.

नंदा : लई भारी! मामा, मला हेच करायचंय. बोला की आप्पांशी. सोमवारी नववीचा फॉर्म द्यायचाय. अव्वा म्हणते गृहशास्त्र घे. मला बीजगणित-भूमिती हवंय. तुमचं आप्पा ऐकतात.

मामा : बोलतो म्हटलं ना. हे बघ, आलेच दाजी कारखान्यातून.

आप्पा : राम राम, चन्नवीर. कवा आलास? अगं शिवम्मा, भावाला च्या दिलास का न्हाई?

अव्वा : दोनदा दिला. तुमी आधी हात धुवा, कोपरापातुर रंगानं हिरवे झालेत.

मामा : दाजी, बसा. नंदाचं जरा बोलायचं होतं...

आप्पा : तिचं रोजचंच हाय. तुझं सांग आधी. बढती झाली म्हनं?

मामा : झाली की! नव्या वायरीची तपासणी साहेबांनी माझ्यावर सोपवली होती. वीस तुकडे टाकीत घातले. दिवसभर वाफेत. वीसच्या वीस पास! परवा रिपोर्टवर सही केली आणि चार दिवसांची रजा टाकून आलो. सोमवारी रिपोर्ट वर जाईल.

नंदा : किती जुने होते ते तुकडे?

मामा : जुने कशाला असतील? कोरी करकरीत गुंडाळी, कंपनीतून आलेली. सील मीच फोडलं.

नंदा : मग आप्पा आपले तुकडे गच्चीवर का टाकतात?

मामा : कसले तुकडे?

नंदा : चादरीचे. सगळा उन्हाळा. तारखेच्या चिठ्ठ्या मीच बांधते त्यांना.

आप्पा : ते व्हय. त्याचं असं झालं चन्नवीर, पूर्वी आमी नवीच चादर सोड्यात उकळायचो. पानी स्वच्छ निघालं की रंग पक्का म्हनायचं. लाल रंगाचा एक घाना असाच पास केला मी. सहा म्हैन्यांनी मोडनिंबचा गिऱ्हाईक रावजी येऊन दारात हुबा. उन्हात वाळवून वाळवून रंग खिळखिळा झालेला, अन् मग संगं धुतल्यावर त्याच्या आईचं पांढरं लुगडं लालभडक. म्हातारी म्हनं, ह्या वयात मला नवरी केलीस व्हय रं!

अव्वा : आन् तुमी हसत बसला होता.

आप्पा : हसलो, पन तवापासनं तुकडा आधी गच्चीवर पडू देतो. सोलापूरचं ऊन खाऊन झालं की मग उकळायचा. नवा असताना काय, कसलाबी रंग टिकतो.

मामा : दाजी, रंग वेगळा, रबर वेगळं.

नंदा : पण मामा, रबरपण ऊन खातं की! माझ्या सायकलची जुनी ट्यूब बघा. नुसती वाकवली तरी तडे जातात.

मामा : तू लहान आहेस. ह्यातलं तुला कळत नाही.

नंदा : बरं. राहिलं.

(मामा ती जुनी ट्यूब हातात घेऊन वाकवून बघतात.)

मामा : ती वायर भट्टीत पंधरा-वीस वर्षं पडून राहणार. सतत ऊब. वरून किरणं.

आप्पा : आन् पाईप काय पयल्याच दिवशी फुटनार हाय?

मामा : कधी फुटेल कोण सांगणार? फुटला तर त्या वेळी ती वायर नवी नसेल, एवढं नक्की. आणि मी पास केली नवी.

अव्वा : मग आता? वीस वर्सं वाट बघनार?

मामा : नाही अक्का. ओव्हनमध्ये आठवड्यानुआठवडे तापवून मुद्दाम जुनी करता येते. किरणांतही ठेवता येईल. मग टाकीत घालायची. दुपारची गाडी किती वाजता?

अव्वा : आत्ता तर आलास! पुरनाच्या पोळ्या घालनार होते.

मामा : सोमवारच्या आत रिपोर्ट अडवायला हवा. सही माझी आहे, अक्का. साहेब ओरडतील, ओरडू देत.

नंदा : मामा, पण माझं? तुम्ही बोलणार होता!

मामा : नंदा, आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही बघ. पुढच्या खेपेला नक्की. दाजी, येतो.

आप्पा : थांब, कोपऱ्यापातुर येतो. टांगा करून देतो.

अव्वा : नंदे, बिचाऱ्याची बढती घालवलीस काय गं?

नंदा : असं नको ना म्हणू अव्वा. मला आधीच कसंतरी होतंय.

आप्पा : बसला टांग्यात. जाताना म्हनला, पोरीवर उगाच खेकसलो, सांगा तिला. काय गं, काय बोलायचं हुतं त्येला तुझं?

नंदा : ते मीच सांगते. आप्पा, अव्वा, मी नववीला बीजगणित-भूमिती घेणारंय. गृहशास्त्र नाही.

आप्पा : आन् न्हाई झेपलं तर?

नंदा : अवघड आहे, ठाऊक आहे मला. पहिल्या चाचणीत मार्क कमी पडतीलसुद्धा. तरी घेणारंय. फॉर्मवर शाईनं लिहून ठेवलंय.

अव्वा : बघा, शाईनं म्हनती!

नंदा : तुमची सही राहिलीय फक्त. आधी जेवून घ्या आप्पा, सावकाश करा.