भोक न पाडता आरसा

…आणि वर बायको मलाच विचारते, "एवढासा आरसा लावायला पंधरा दिवस?" एवढासा! अहो, तुम्हाला सांगतो, हा आरसा भिंतीवर लावायचा असता ना, तर सकाळी लावून, त्यातच दाढी करून, वेळेवर ऑफिसला पोचलो असतो! पण हा लावायचा होता माझ्या सासऱ्यांच्या गाडीला. सासरे एक्क्याऐंशीचे, आणि गाडी त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी! घरात तिला थोरल्या नणंदेचा मान. तिच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही, बॉनेटवर कुणी पिशवी ठेवत नाही, आणि मी एकदा चुकून नुसता टेकलो होतो तर सासरे तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते… बरे गेले ते तीन दिवस, पण ते असो.

तर त्या काळी गाड्यांना बाहेरून आरसेच नसायचे. आणि वाहन तपासणीवाल्यांचा कागद आला, पंधरा दिवसांत दोन्ही बाजूंना आरसे पक्के बसवून दाखवा, नाहीतर गाडी रस्त्यावरून बंद! तुम्ही म्हणाल, होऊ द्या की बंद. मीही तेच म्हणालो… मनात. पण सासूबाईंचा गुडघा बदललाय ना! आठवड्यातून तीनदा दवाखान्यात व्यायामाला न्यायचं, आणि टॅक्सीत बसवायला गेलं की पाय दुमडतो आणि त्यांची किंकाळी चौथ्या मजल्यापर्यंत! या गाडीत मात्र दार हे एवढं रुंद, सीट म्हणजे सोफा, पाय सरळ ठेवून बसतात राणीसारख्या. म्हणजे गाडी बंद तर व्यायाम बंद, व्यायाम बंद तर गुडघा कायमचा आखडणार. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं.

सासरे म्हणाले, "लावा आरसे, जावईबापू. माझी काही हरकत नाही. पण भोक नाही पाडायचं!"

आता सांगा, पत्र्याला भोक न पाडता आरसा लावायचा कसा? मंत्र म्हणून?

गेलो स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदाराला गाडीचं साल सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "साहेब, तेव्हा मागे होतंच कोण बघायला?" आणि स्वतःच्याच विनोदावर पाच मिनिटं हसला. शेवटी त्याने दाराच्या कडेला चिमट्यासारखे अडकवायचे आरसे दिले. अडकवले. छान! देखणे! दार लागेना! म्हणजे आरसा हवा असेल तर दार उघडं ठेवून जायचं. सासूबाईंना सीटला बांधून!

मग गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "दोन्ही मडगार्डांवर स्टेपन्या उभ्या आहेत ना, आरसे त्यांना पट्ट्याने आवळून टाकू." आवळले. आता आरसा इतका पुढे, की तो फिरवायला एक माणूस बाहेर उभा हवा. तो माणूस कोण? जावई! सासरे आतून ओरडतायत, "वर घ्या… वर… अहो, आकाश दिसतंय! खाली… एवढं नाही हो, आता तुमचे बूट दिसतायत!" पाऊण तास गेला. शेवटी रस्ता दिसला. "हलवू नका!" म्हणाले. मी श्वास रोखून बाजूला झालो. आणि सासूबाई येऊन सीटवर बसल्या. गाडी त्या बाजूला चार बोटं खाली… पुन्हा आकाश! मी म्हटलं, "बाबा, एक बारीकसा स्क्रू मारला तर—" "भोक नाही पाडायचं!"

त्यात जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सचिव आले. हा गृहस्थ गाडी डोळ्यांनी बघत नाही, भिंगाने बघतो! भिंगातून तो पट्टा पाहिला आणि घरात कुणीतरी गेल्यासारखा चेहरा केला. "मुळात नव्हतं ते लावलंत? मूळपण गेलं हो गाडीचं!" मी विचारलं, "तुमच्या गाडीला काय लावलंय?" तर म्हणे, "मी ती रस्त्यावर काढतच नाही. चादरीखाली असते. मीसुद्धा दोन वर्षांत पाहिली नाही." याला म्हणतात गाडीचं प्रेम! सासऱ्यांनी मात्र त्याला चहा दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी हातात ड्रिल लपवून बसलोय.

तसेच तपासणीला गेलो. साहेबाने आरशाला बोट लावलं. "हलतोय."

"साहेब, इंजिन चालू आहे."

"बंद करा."

केलं.

"आता नाही हलत. पण बंद गाडीला आरसा कशाला हवा?"

बरोबर आहे हो! वर साहेब म्हणाला, "बोल्टने आवळा. उद्या शेवटचा दिवस."

घरी आलो. सासरे खुर्चीत बसून राहिले. "उभी राहू दे गाडी," म्हणाले. "पण भोक नाही पाडायचं." मला, खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. आणि तेवढ्यात आतून वॉकरची टकटक… सासूबाई! उभ्या राहिल्या समोर.

"अहो, माझा अख्खा गुडघा कापून दुसरा बसवला. त्या कागदावर सही करायला तुम्हाला दोन सेकंद लागले नाहीत. आणि पत्र्याला चार भोकं पाडायला पंधरा दिवस?"

सासरे उठले. मिस्त्रीला स्वतः फोन केला. मिस्त्रीने ड्रिल टेकवलं तेव्हा सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि पहिलं भोक पडलं तेव्हा "आई गं!" म्हणाले ते सासरे… आणि दुसऱ्या भोकाला मी, कारण तोपर्यंत माझी बोटं पार चेपली होती!

आरसे बसले. तपासणीत पास! मी म्हटलं, सुटलो! निघालो दवाखान्यात. सासरे एकदा आरशात बघतात, पुन्हा बघतात.

"जावईबापू, मागे मिरवणूक आहे का?"

"नाही बाबा, रहदारी आहे."

"एवढी? आज काय विशेष?"

"रोजच असते."

सासूबाई म्हणाल्या, "मी जन्मभर सांगतेय, मागचे हॉर्न वाजवतायत! तर म्हणे, लोक गाडीचं कौतुक करतायत!"

आरशात एक बसवाला हातवारे करत होता, आणि कौतुकाचे हातवारे तसे नसतात हो! सासऱ्यांनी गाडी कडेला घेतली. बस गेली, टेम्पो गेला, शाळेची व्हॅन गेली. "पन्नास वर्षं…?" एवढंच म्हणाले, अगदी हळू.

झालं! तेव्हापासून आरशात कुणीही दिसलं की गाडी कडेला. रिक्षा? या. स्कूटर? या. काल हातगाडीला वाट दिली आणि वर तिची माफी मागितली! आज शेवटी मी उतरलो, चालत दवाखान्यात गेलो, सासूबाईंचा नंबर लावला, पेपर शब्दकोड्यासकट संपवला, आणि दारात येऊन बघतो तर गाडी समोरच्या वळणावर उभी! सासरे हात बाहेर काढून एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला म्हणतायत, "आधी तुम्ही." तो म्हणतोय, "छे, छे, आधी तुम्ही." आणि त्याच्या हँडलला, तुम्हाला सांगतो… नवाकोरा आरसा!

मी गुपचूप आत गेलो आणि सासूबाईंचा नंबर उद्याचा करून घेतला.