चाकाला हात लावायचा नाही

नाही, मला सांगा, माणसाला दिवसभर नुसतं बघत बसायला ठेवतात का कुठे? राखणदाराच्या हातातसुद्धा काठी असते हो! आणि मी? काचेपलीकडे माझीच पोलादी टाकी, माझंच प्रेशरचं चाक, आणि मी अलीकडे बसून पडद्यावरचे आकडे बघतोय... का? तर इंजिनिअर मॅडमनी सांगितलंय, "काका, आता सगळं आपोआप होतं. हात तेवढा लावू नका."

तुम्हाला सांगतो, आमचं काम आल्याचा अर्क काढायचं. सोड्याच्या बाटलीत बुडबुडे आणतो ना, तोच वायू घ्यायचा, त्याला ऊब द्यायची आणि इतका दाबायचा की तो धड वायू राहत नाही आणि धड पाणीही होत नाही. मग तो वाळलेल्या आल्यात शिरून अर्क ओढून आणतो. प्रेशर जरा घसरलं की अर्क येणं बंद. एवढं नाजूक काम मी वीस वर्षं या हातांनी केलं, चाक बोटभर इकडे, केसभर तिकडे... आणि आता त्याच हातांचं काय करायचं? घडी घालून बसायचं! वर मालक येता-जाता म्हणणार, यंत्र एकदा रुळलं की ही खुर्चीसुद्धा हलवू.

घरी जाऊन तणतणलो, म्हटलं मला तिथे कशालाच हात लावू देत नाहीत. बायको मान वर न करता म्हणाली, "इथे तरी कुठे कशाला लावता?" घ्या!

पण माझेही दिवस आले. यंत्र घेतलं होतं माल वाढावा म्हणून, आणि माल निघत होता पूर्वीइतकाच. का? तर रोज दुपारी चारला प्रेशर आपलं आपण खाली यायचं, जरा वेळ तसंच राहायचं आणि पुन्हा वर. रोज! मी त्या वेळी कँटीनमध्ये, मला काय कल्पना? मॅडमनी सेन्सर बदलले, पंप उघडला, वायरी उपसल्या. मी मागे उभा, चेहरा गंभीर, आतून आनंदाच्या उकळ्या. शेवटी मालकांसमोर टेबल ठोकून म्हणालो, साहेब, एक तर चाक परत माझ्या हातात द्या, नाहीतर याचा काय तो सोक्षमोक्ष लावा!

लावला. कशाला बोललो मी...

झालं होतं काय, यंत्र बसवण्याआधी वर्षभर माझ्या चाकाला तारा जोडून ठेवल्या होत्या. मी चाक कधी आणि किती फिरवतो, ते सगळं टिपून त्यावरूनच यंत्राला शिकवलं होतं. आणि टाकी सोडून जायचं तर प्रेशर उतरवून जायचं, हा मालकांचाच नियम. मी पाळायचो ना! मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला.

"काका, तुम्ही चारला कुठे जायचात?"

"चहाला."

"मग तेही चहालाच जातंय."

मालक हसले, अहो, पोट धरून हसले! यात हसण्यासारखं काय आहे? वीस वर्षांचा हात उचलून नेला तो नेला, वर माझा चहासुद्धा? म्हटलं, काढून टाका ती सवय. तर मॅडम म्हणतात, तेवढीच वेगळी काढता येत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल. कोणाकडून? माझ्याकडून! मी सरसावून बसलो, म्हटलं आता पुन्हा वर्षभर चाक माझं... आणि मालक म्हणतात, नको, कोण एवढं करत बसणार, जाऊ दे त्याला चहाला. फक्त प्रेशर उतरून पुन्हा चढेपर्यंत टाकीपाशी लक्ष ठेवायला कोणीतरी माणूस हवा.

आता तुम्हीच सांगा, तो कोणीतरी कोण असणार?

तेव्हा हल्ली चार वाजले की ते जातं चहाला, आणि मी, बिनचहाचा, त्याच्या जागेवर बसतो. हात न लावता.