वेबसाइटवरची गर्दी

आमच्या वेबसाइटवरच्या गर्दीचं तुम्हाला सांगितलं का? कुरवंड्यात आमच्या तीन खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. त्यांची वेबसाइट मी घरच्याच कॉम्प्युटरवरून चालवतो. किती जण येऊन गेले तो आकडा रोज दोनशेनं वाढायचा, पण बुकिंगचा फोन एकही नाही. आणि मी गर्दी बघून चौथ्या खोलीचा पाया खणायला घेतलेला.

शेवटी येतंय कोण ते बघायला लॉग फाइल शोधत बसलो. डाउनलोड पाहिलं, डॉक्युमेंट पाहिलं, डिलीट केलेलंसुद्धा उपसलं. तासाभरानं ती सर्व्हरच्याच फोल्डरमध्ये सापडली. उघडली, तर प्रत्येक ओळीत एकच पत्ता, आमच्याच कॉम्प्युटरचा.

शेजारी चुलते चहा पीत बसलेले. पूर्वी हायवेला त्यांचं मिसळीचं हॉटेल होतं. म्हटलं, "आबा, वेबसाइट तुम्ही उघडता?"

"व्हय. दिवसभर आत-बाहेर करतो. रिकाम्या हॉटेलापुढं गाडी थांबती का? आपलीच मानसं पुढच्या टेबलावर बसवाय लागत्यात."

"आबा, आत कोण बसलंय ते बाहेरच्यांना दिसत नाही."

आबांनी कप खाली ठेवला.

"मंग आदी सांगायचं न्हाई का? म्हैनाभर बसून पाठ गेली माजी."