सर्व्हरनं काय लिहावं

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीत माझ्या मागच्या सीटवर आशाबाई आणि त्यांची कॉम्प्युटर शिकलेली लेक सीमा बसल्या होत्या.

"म्हंजे तुही ते कापसाच्या भावाची वेबसाइट आपल्या मनानंच लिहित राह्यते?"

"हो माय. सर्व्हरवर, म्हंजे ते ज्या मशीनवर चालते तिथं, काय होऊन राहिलं, ते वेबसाइटच एका फाइलीत लिहून ठेवते. शब्द मीच देल्ले."

"कोनते?"

"नवा भाव आला, का लिहिते 'पाव्हना आला'. लोकायची गर्दी झाली, का 'दम घेऊ द्या'."

"अन् बंद पडली, का?"

"'मेलो'."

"ते पयले काढ."

"मशीन हाये ते, माय."

"असू दे. यंदा गावात शेतकऱ्यायच्या घरी हेच लय वेळा आयकलं. मशीनच्या तोंडी तरी नको."

"मंग बंद पडल्यावर काय लिहू?"

"पडल्यावर लिहून काय फायदा? पडाच्या आंधी लिहाले लाव."

"काय?"

"'कोनी हाये का घरी?' असं."

"बिघाड झाल्याबिगर ते फाइल कोनी उघडत नाही, माय."

"कोनी नसन उघडत. तू रोज उघडत जाय."