लॅपटॉपची खोळ

...नाही नाही, उठू नका अलिंदाच्या आई, दिवा लागलाय पेनड्राइव्हचा, हा बघा लुकलुकतोय — म्हणजे वीज पोचतेय, एवढं तरी खरं. आता मी एफ बारा दाबतो. दाबला. दाबतोच आहे. आणि — काळं. परत काळं. कोपऱ्यात ती एक पांढरी रेघ, कालच्यासारखीच. हसलात ना? चष्म्याच्या वरून मला सगळं दिसतं. घ्या, कॉफीच्या बिया घ्या, कालच्यापेक्षा बऱ्या उकडल्यात. काल कडू होत्या, चघळताना तुम्ही चेहरा असा केलात — माझी बायको मी चारचौघांत भाषणाला उभा राहिलो की करायची तसा.

तर क्रमाने जाऊ. आयुष्यभर दार-एस-सलामला तर्कशास्त्र शिकवलं, उगाच नाही तुम्ही मला म्वालिमू, मास्तर म्हणत; क्रमाशिवाय मला चहासुद्धा करता येत नाही — आणि क्रमाने केला तरी चांगला होतो असं नाही. हे मशीन का बिघडलं? वीज गेली म्हणून. नवीन काहीतरी आत उतरवून घेत होतं, वीज गेली, बिचारं अर्ध्यात राहिलं. तुमचे विणकामाचे नमुने, नातवाचे फोटो, त्याचा तो पहिला दात — सगळं आत शाबूत असावं. असावं म्हणतो हं, आहे म्हणत नाही. दाराला कुलूप लागलं आणि किल्ली आत राहिली तर आपण खिडकीतून शिरतो ना, तसं मशीन या पेनड्राइव्हवरून सुरू करायचं आणि आतली मोडतोड नीट करायची. अलिंदाने हे फुकटचं लिनक्स घातलं ते बरंच केलं, जुन्या मशीनला दुसरं काही झेपलं नसतं. फक्त बिघडलं की ज्याचं त्याने बघायचं. आणि तुम्ही बघायला नेमकं माझ्याकडे आणलंत. का आणलंत, हे मला अजून कळलेलं नाही. बाजारात दुकानं आहेत की.

सुरुवातीला चूक माझीच होती, कबूल. आपल्या बुकोबात पेनड्राइव्हवर सगळं जसं फिरतं — चर्चच्या गायकांची गाणी, लग्नाचे व्हिडिओ — तशी मी मशीन सुरू करायची ती फाइल नुसती उचलून ठेवली. तसं चालत नाही, ती वेगळ्या पद्धतीने उतरवावी लागते. मग तशी उतरवली. मग ते सुरक्षेचं कुलूप असतं आतलं, ते काढलं. मग सुरू होताना मशीनने आधी कुठे बघायचं आणि नंतर कुठे, तो क्रम बदलला. रोज एक. तुम्ही विचारलंत, म्वालिमू, सगळं एकाच दिवशी का नाही करत? बरोबर विचारलंत. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. शास्त्राचा नियम आहे तो. मी काढलेला नाही.

पण आज जमायलाच हवं. का म्हणजे — काल अलिंदाचा फोन आला होता मला. म्हणाला, म्वालिमू, तुम्ही आता त्रास घेऊ नका, आईला मशीन घेऊन शनिवारच्या बोटीत बसवून द्या, इथे म्वान्झाला दुकानात तासाभरात होईल. आणि आलीच आहे तर राहील दोन-चार महिने, तिकडे एकटी काय करते. एकटी म्हणाला. मी म्हटलं, हो हो, खरं आहे. फोन ठेवला आणि मग सुचलं — एकटी कुठे, रोज चार वाजता इथे असते की. मला उत्तरं नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतात. आणि म्वान्झाला गेलेलं माणूस परत येतं थोडंच. रुगांबवाची आई गेली होती की थोड्या दिवसांसाठी. तिच्या केळीच्या बागेत आता शेजाऱ्याच्या शेळ्या चरतात.

दाढी? हो, केलीय. सहज. रोजच करतो. बरं, रोज नाही, पण आज केली. आणि त्या डब्यात टोळ आहेत तळलेले, हंगामातले पहिलेच, पंख-पाय काढत दुपारभर बसलो होतो — मुद्दाम तुमच्यासाठी असं नाही, अंगणातल्या दिव्यावर आले होते, आलेल्यांना परत कसं पाठवायचं.

तर आता एकच उपाय राहिला. पेनड्राइव्ह डावीकडून काढून उजवीकडच्या खाचेत घालायचा. या मशीनची डावी खाच नुसता दिवा लावते, सुरू होताना मशीन तिकडे ढुंकूनही बघत नाही. उजवीकडून मात्र लगेच सुरू होतं, कुठली भाषा हवी विचारतं, परवा तुम्ही फाटकापाशी दूधवाल्याशी बोलत होतात तेवढ्यात तर — म्हणजे, सुरू होत असावं. तसा तर्क आहे. नाही, मी कधी लावून पाहिलं नाही. पाहिलं असलं तर एकदाच. आणि मग बंद केलं, कारण — एका वेळी एकच गोष्ट, सांगितलं ना मघाशी. विणायच्या का थांबलात? विणा, विणा. तुमची सुई थांबली की मला घाम फुटतो.

हे बघा, फिरवलं मशीन. खोळ मात्र सुरेख झालीय. तुमच्या घरात उघडं असं काही राहतच नाही, रेडिओला खोळ, खुर्च्यांना खोळ, पाण्याच्या माठाला खोळ, लॅपटॉप कसा सुटेल. पण मापात केलीत, पंख्याच्या जागी जाळी, वायरीला एक काज, पेनड्राइव्हला दोन — डावीकडे एक, आणि उजवीकडे — उजवीकडे —

थांबा हं. चष्मा पुसतो. इथेच होतं काज. इथूनच तर मी परवा — इथे काज नाही. टाके आहेत. बारीक, एकाला एक लागून. खोळ सगळी पांढरी आणि हा दोरा निळा. तुमच्या मांडीवर आहे तोच निळा.

उसवलं होतं म्हणून शिवलंत होय? नाही, काज कसं उसवेल, ते मुळात मोकळंच असतं. चुकून? तुमच्या हातून टाका चुकून पडत नाही. मग — अलिंदा इथे असताना तुमची गाणी कुठून घालायचा? उजवीकडून. नेहमी उजवीकडून. म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि तरी तुम्ही रोज, एवढं ओझं उचलून, टेकडी चढून —

मी काही विचारत नाही. तुम्हीही परवाचं, फाटकापाशी बोलत होतात तेव्हाचं, काही विचारू नका.

द्या ती कात्री. खोळीला धक्का लावत नाही, फक्त निळे टाके कापतो. झालं. घातला. एफ बारा. आणि — आलं. बघा, भाषा विचारतंय. थांबा, आतलं नीट करून घेतो... हे तुमचे नमुने. आणि हा बघा, दात.

म्वान्झाला मी फोन करतो, आजच. या वेळी उत्तर आधीच सुचलंय. तुम्ही निघा आता, उतारावर उजेड आहे तोवर, हा टोळांचा डबा घ्या. उद्या चारला या. काम? काम काही नाही. आणि येताना मशीन आणू नका.