केदारचं जंगल

केदारवर मी अजूनही जळतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. युरो नुकता आला होता, तेव्हा ड्रेस्डेनला आम्ही दोघं पीएचडी करत होतो. मी विदर्भातल्या गावांची प्रगती मोजायचो आणि प्रोफेसर माझा आकडा न् आकडा सोलून काढायचे. हा पठ्ठ्या उत्तर कोरियाची प्रगती मोजायचा. त्या देशाची दारं बंद, वर निर्बंध. उपग्रहाचे फोटो दाखवायचे आणि म्हणायचं, "हिरवं वाढलंय, म्हणजे जंगल वाढलंय." खोडून कोण काढणार?

माझी घरमालकीण! म्हातारी पूर्व जर्मनीच्या काळात उत्तर कोरियातल्या त्यांच्या वकिलातीत दुभाषी होती. मी तिला मुद्दाम सेमिनारला नेलं. फोटो बघताच ती उठली.

"हे कसलं जंगल? आमच्या डोळ्यांदेखत झाडं तोडून डोंगरभर मका लावायचे."

मी मनात म्हटलं, आटोपला केदार.

प्रोफेसर खुर्चीतून उडालेच. "हे सगळं प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस! केदार, यावर नवं प्रकरण लिही!"

तेव्हापासून केदार दर रविवारी आमच्याकडे, तिच्या हातचा केक खायला. मला तिने कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. एका शनिवारी मात्र तिने माझं दार वाजवलं. मी आशेनं उघडलं.

"उद्या केदार येतोय," ती म्हणाली. "जिना पुसायची पाळी तुझी आहे. जरा नीट पूस."