माझ्याच बोटीत उलटा

...उलटा! तुम्हाला सांगतो, चक्क उलटा बसवलंय मला, म्हणजे बोट जाते पुढे आणि मी बघतो मागे, हातात एक केशरी झेंडा, आणि मागे दोराला लटकलेलं माणूस पाण्यात पडलं की तो झेंडा वर धरायचा, म्हणजे बाकीच्या बोटीवाल्यांना कळतं की बाबा इथे कोणीतरी पडलंय, अंगावर येऊ नका... आणि बोट कोणाची? माझी! कागद माझ्या नावावर, रंग मी दिलेला, तळाचं शेवाळ मी खरवडलेलं, आणि मी बसतो कुठे तर मागच्या फळीवर, पाठ करून. पण बोट माझी आहे हं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं? अहो, मी नोकरी काय करतो ते आधी ऐका. पाण्याच्या मीटरच्या तक्रारी घ्यायची जी खिडकी असते ना, तिच्या आत जो माणूस बसलेला असतो, तो मी. खिडकीला काच आहे, काचेला गोल भोक आहे आणि त्या भोकातून अख्खं शहर आठवडाभर माझ्यावर ओरडतं. माझं मीटर पळतं, माझं थांबलं, शेजाऱ्याचं पाणी माझ्या नावावर येतं... ऐकून ऐकून कान किटतात हो! म्हणून मी बोट घेतली. छोटीशी मासेमारीची बोट, मध्यभागी खांबावर फिरती खुर्ची, कडेला गळाच्या काठ्या उभ्या करायच्या नळ्या, आणि समोर तो छोटा पडदा, पाण्याखाली मासे कुठे आहेत ते दाखवणारा. रविवारी तलावाच्या मध्यावर जायचं, इंजिन बंद करायचं आणि बसायचं. मासा लागला तर ठीक, नाही लागला तर आणखी उत्तम, उठायला नको. मासा तक्रार करत नाही, तुम्हाला सांगतो, हा माशाचा फार मोठा गुण आहे.

तर आमचा मेहुणा जेवायला आला. या गृहस्थाला कुठलीही वस्तू दिसली की ती भलत्याच कामाला वापरावीशी वाटते. आमच्या कपडे वाळत घालायच्या दांडीला लोंबकळून त्याने व्यायाम केला होता, दांडी आली खाली आणि हा म्हणतो, दांडीच कच्ची होती. तो जेवता जेवता विचारतो, "भाऊजी, तुमची बोट किती जणांना ओढेल हो?" मी म्हटलं, बोट बसायला असते. तर आमची ही, भात वाढता वाढता, "नाहीतरी पडूनच असते ती."

पडून! अहो, मासेमारीत बोट उभीच ठेवतात, तिला पडून असणं म्हणत नाहीत! पण माझं ऐकतो कोण? मेहुण्याने फोनवर चित्रं उघडून दाखवली सुद्धा, हवेने फुगवलेल्या गोल ट्यूबवर बसलेली माणसं, पायांना लांब फळ्या बांधून पाण्यावरून सरसर जाणारी माणसं, सगळी दात काढून हसतायत. मी नाही म्हणणारच होतो, देवाशपथ, तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ही म्हणाली, "मलाही बसायचंय त्या ट्यूबवर." आता आली का पंचाईत? लग्न झाल्यापासून जी बाई बोटीच्या जवळ फिरकली नाही, ती पहिल्यांदा काहीतरी मागतेय, तिला नाही कसं म्हणायचं? उघडलेल्या तोंडात मी भाताचा घास टाकला आणि तिथेच माझा निकाल लागला.

मेहुण्याने काय करावं? ओढायचा दोर थेट माझ्या खुर्चीच्या खांबाला बांधला. म्हणे, खांब दणकट आहे. मग धक्क्यावरचा इंजिनवाला मिस्त्री आला. हा मिस्त्री म्हणजे एक वल्लीच, याच्या तोंडी एकच शब्द, काढावं लागेल. खांब हलवून बघितला, म्हणाला, यावर माणूस बसू शकतो, पण याने माणूस ओढलात तर खांब तळासकट उपटून येईल. त्यापेक्षा मागे इंजिनवरून जाणारी पाइपची कमान बसवू, दोर तिला बांधू, म्हणजे इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यातही अडकणार नाही. मला वाटलं, सुटलो, खुर्ची वाचली! तर कमानीचे पाय जिथे येतात तिथे माझ्या काठ्यांच्या नळ्या. काढाव्या लागतील. मासे जिवंत ठेवायची टाकी मागे आहे, मागचं वजन वाढलं की बोटीचं नाक वर उठतं. काढावी लागेल. पंखा बदलावा लागेल, म्हणाला, हा पळायचा पंखा आहे, ओढायला वेगळा लागतो. आणि मग खुर्चीकडे बघितलं हो त्याने... मागच्या माणसाच्या हातून ताणलेला दोर सुटला की तो चाबकासारखा उलटा बोटीत येणार, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाची मान नेमकी त्याच उंचीवर. म्हणजे आता एकतर खुर्ची काढा, नाहीतर मान. मी विचारलं, मला तरी ठेवणार ना? तर त्याने माझ्या पोटाकडे बघितलं आणि चक्क विचारात पडला. पण बोट माझी आहे!

तर पहिल्या दिवशी बोट मीच चालवली. मागे पाण्यात मेहुणा, पायाला फळ्या, ही बाजूला बसलेली. दोर हळूहळू ताणला, मग एकदम रेस दिली, आणि काय सांगू, उठला हो तो, पाण्यावर उभा राहिला! खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. माझी बोट ओढतेय! मी खुशीत समोर बघतो, तर मिस्त्रीने सगळं काढलं होतं, पण तो मासे दाखवायचा पडदा काढायचं विसरला होता. आणि पडद्यावर... अहो, झुंड! पाण्याखाली माशांची ही एवढी झुंड, इतक्या वर्षांत कधी दिसली नाही तशी! आता मासे दिसले की मासेमार काय करतो? रेस कमी करतो. मी विचार केला नाही हो, हात आपोआप खाली आला. इंजिन शांत, बोट शांत, सगळीकडे कसं छान शांत... आणि मागे मेहुणा उभ्या उभ्या, हळूहळू, माझ्याकडे बघत बघत पाण्यात गेला.

वर आला, नाकातोंडातून पाणी काढत विचारतो, इंजिन बंद पडलं का? आणि मी त्याला काय म्हणावं? मी म्हटलं, "हळू बोल, खाली मासे आहेत."

ही उठून माझ्याजवळ आली. मग म्हणाली, "उठा." एवढंच. झालं, ती बसली सुकाणूच्या चाकावर, पडदा निघाला, आणि मिस्त्री म्हणालेलाच होता की मागच्या माणसावर नजर ठेवायला एक जण लागतोच, त्याशिवाय ओढायचं नाही. मग तो एक जण कोण? ज्याला दुसरं काही येत नाही तो! दिला झेंडा हातात आणि बसवला उलटा.

उलटा बसणाऱ्याला खुणा शिकाव्या लागतात. अंगठा वर म्हणजे जोरात, अंगठा खाली म्हणजे हळू, डोक्यावर थापटलं म्हणजे पुरे, घरी न्या. मग हिची पाळी आली. मेहुणा चाकावर, ही ट्यूबवर पालथी, दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या. मी झेंडा आधीच अर्धा वर धरला, कारण ही गाडीत बसली की दाराच्या वरची मूठ धरून संपूर्ण रस्ता हळू, हळू, हळू करत असते. बोट निघाली, हिने एक हात सोडला आणि अंगठा वर. मला वाटलं, घाबरून चुकली असेल. मी मेहुण्याला सांगितलं, हळू म्हणतेय. तर तिकडून ही माझ्यावर डोळे वटारते, पुन्हा अंगठा वर, आणि तो असा हलवून हलवून, की सांगा त्याला! सांगितलं. मग मेहुण्याने जी रेस दिली... ट्यूब उडाली, आपटली, परत उडाली, आणि ही हसायला लागली. इंजिनच्या आवाजातही ऐकू येत होतं, तुम्हाला सांगतो. केस तोंडावर, नाकात पाणी, आणि बाई खदखदून हसतेय. हिला असं हसताना मी शेवटचं कधी बघितलं होतं? आठवेना हो मला. आणि गंमत म्हणजे बोटीत हे फक्त मलाच दिसत होतं. चाकावरच्याला पुढे बघावं लागतं.

वर आली ती, थरथरत होती, टॉवेल दिला मी. मी मनाशी ठरवलं होतं, आज सांगायचंच, खुर्ची परत बसवणार, पुढचा रविवार माझा. वाक्य जिभेवर होतं. तर ही केस पिळत पिळत तलावाकडे बघते आणि म्हणते, "इतकी वर्षं तुम्ही इथे येऊन नुसते बसत होतात? एकटेच?"

हो म्हटलं तरी मी अडकलो, नाही म्हटलं तरी अडकलो. मी झेंडा गुंडाळला. ती म्हणाली, पुढच्या रविवारी लवकर निघू. मी म्हटलं, निघू.

तेव्हापासून दर रविवारी हेच. खुर्ची घरी गच्चीत ठेवलीय. संध्याकाळी कामावरून आलो की म्हटलं जरा बसावं, तर तिच्यावर ओली लाइफ जॅकेटं वाळत घातलेली असतात. मी ती हलवत नाही. वाळायला हवीत ना रविवारपर्यंत.

आणि परवा काय झालं, खिडकीशी एक गृहस्थ आले. हातात मीटरचा फोटो, चेहऱ्यावर राग, भोकाला तोंड लावलं, मला वाटलं, आता सुरू. तर माझ्याकडे बघून त्यांनी फोटो खिशात टाकला. मग हळूच म्हणतात, "साहेब, मीटरचं राहू द्या... ती तलावावरची ओढणारी बोट तुमचीच ना? आमच्या हिला पण एकदा बसायचंय हो." आणि त्यांच्या मागची अख्खी रांग कान टवकारून पुढे सरकली.

मी काचेला तोंड लावलं आणि म्हटलं, "छे हो, बोट माझी कुठली? मी तिथे नुसता उलटा बसतो."